विमानप्रवासाचा विमा : घ्यावा की न घ्यावा?

लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी आजी-आजोबांनी सहा महिने अमेरिकेस जाणे, हे आता आपल्या इंदूरच्या मराठी घरांत नित्याचे झाले आहे. तिकिटासोबत विमा घ्यावा काय, असा प्रश्न अशा वेळी हमखास पडतो. त्यासाठी एक साधी कसोटी आहे : जे नुकसान आपण सहज सोसू शकतो, त्याचा विमा ऐच्छिक मानावा, जे सोसवणार नाही, त्याचा मात्र अवश्य उतरवावा.

विमा म्हणताच प्रथम विमान-अपघात डोळ्यांसमोर येतो. परंतु आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी १९९९ चा मॉन्ट्रियल करार असून भारत २००९ मध्ये त्यात सहभागी झाला. अपघातात प्रवाशाचा मृत्यू वा शारीरिक इजा झाल्यास, सिद्ध झालेल्या नुकसानीची एका मर्यादेपर्यंतची जबाबदारी विमान कंपनीस टाळता येत नाही, मग तिची चूक असो वा नसो. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा नाणेनिधीच्या एककात १,५१,८८० एसडीआर आहे. तेव्हा केवळ अपघाताच्या भीतीने विमा घेणे, ही पहिली गरज नव्हे.

इंदूर-मुंबईसारख्या प्रवासात कंपनीने उड्डाण रद्द केल्यास परतावा वा पर्यायी उड्डाण देणे तिला नियमानेच बंधनकारक आहे. मात्र ऐनवेळी लहान मुलास ताप वा कांजिण्या आल्यास प्रवास आपणांसच रद्द करावा लागतो. तिकीट महाग असेल, तर कुटुंबीयांचे आजारपण पॉलिसीत समाविष्ट आहे काय, हे पाहावे. नुसता बेत बदलल्यास सामान्यतः भरपाई मिळत नाही.

खरा धोका परदेशातील आजारपणाचा आहे. अमेरिकेतील १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णास तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे बहुतेक रुग्णालयांस बंधनकारक आहे. परंतु त्यामुळे बिल माफ होत नाही. हृदयविकाराचा एक झटका आयुष्यभराची पुंजी संपवू शकतो. युरोपातील शेंगेन व्हिसासाठी तर किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचाच आहे.

येथे मेख आहे ती पूर्वीपासून असलेल्या आजारांची. मधुमेह, रक्तदाब यांपासून उद्भवणारा खर्च अनेक पॉलिसींत वगळलेला असतो, किंवा जिवावरच्या प्रसंगापुरताच मान्य असतो. म्हणून हप्त्याची रक्कम पाहण्यापूर्वी हे कलम वाचावे. मदत-केंद्राचा दूरध्वनी क्रमांक व औषधांची यादी हातातील सामानात ठेवावी.

शेवटी व्यवसायबंधूंसाठी दोन शब्द. "डॉक्टरसाहेब, अर्जात साखरेचा उल्लेख तेवढा टाळा," अशी गळ रुग्ण आपणांस घालतात. स्नेहापोटी तो टाळला, तर तीच लपवाछपवी पुढे दावा नाकारण्यास कारण ठरते आणि परक्या देशात ते वृद्ध दांपत्य निराधार होते. खरी माहिती लिहिणे, हेच त्यांच्या हिताचे आहे.