गाडी दारात येण्याआधी

नोव्हेंबर २०२४ मधली गोष्ट. मी भाकरी थापत होते आणि आमचे हे मोबाईल नाचवत ओट्याशी आले. "अगं, क्यू ७ आली!" मला वाटलं, अवेळी पाहुणे आले की काय! पाहते तर एक लांबरुंद, चकचकीत मोटार. ऑडी कंपनीने २८ तारखेला तिचं नवं रूप बाजारात आणलं होतं. किंमत ८८ लाख ६६ हजारांपासून पुढे! माझी तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आपल्याला काय करायचंय त्या गाडीशी? पण ती तशी परकी नाही. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाताना बदनापूर मागे पडलं की पुढे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तिथे २००१ पासून स्कोडाच्या आणि पुढे ऑडीच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. ही क्यू ७ तिथेच जोडली जाते. आणि २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या, हे तुम्हाला आठवत असेल. तेव्हापासून आपल्याकडे मोठ्या गाडीची चर्चा पानाच्या टपरीवरसुद्धा रंगते.

या गाडीला म्हणतात क्रॉसओव्हर. जुन्या जीपचा सांगाडा वेगळा आणि वरची बॉडी वेगळी असे. इथे दोन्ही एकच, साध्या मोटारीसारखं. म्हणून बसायला जीपसारखी उंच, पण धक्के कमी. क्यू ७ मध्ये सात जण बसतात, इंजिन ३४० अश्वशक्तीचं. कौतुक करावं अशीच वस्तू आहे, नाही कशाला म्हणू?

पण इच्छा ही साथीसारखी पसरते. आठवड्याभराने हे म्हणाले, "ऑडी नाही गं, पण तशीच उंच, सात जणांची, पंधरा लाखांपर्यंतची घेऊ. आईला राजूरच्या गणपतीला नेता येईल." पैसे? दहा लाख कर्ज, आणि बाकीचे लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून!

माझ्या पोटात खड्डाच पडला. पण 'नको' म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी शाळेतली वही काढली आणि म्हटलं, "बसा, आपण गणित सोडवू."

पहिलं गणित किंमतीचं. जाहिरातीतली किंमत शोरूमची असते, दारातली नव्हे. महाराष्ट्रात वीस लाखांवरची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर नोंदवली तर वाहनकर १३ टक्के. म्हणजे त्या क्यू ७ वर साडेअकरा लाख, विमा उतरवायच्या आधीच रक्कम कोटीच्या पार! आमच्या पंधरा लाखांच्या गाडीला १२ टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. शिवाय नव्या गाडीला तिसऱ्या व्यक्तीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. म्हणजे ठेवीतून पाच नव्हे, सात लाखांच्या वर जाणार होते.

दुसरं हप्त्याचं. दहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षं घेतलं तर महिना सुमारे १६,१०० रुपये, आणि व्याज साडेतीन लाख. पाच वर्षांत फेडलं तर हप्ता २०,७५० च्या आसपास, पण व्याज अडीच लाखांच्या आत. विक्रेता नेहमी लहान हप्ता दाखवतो. आपण एकूण फेड विचारावी.

तिसरं गणित सोपं. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि वर्षभरात घरचे सातही जण एकत्र कितीदा बाहेर पडलो ते मोजलं. सहा वेळा! बाकीचे दिवस मागच्या सीटवर हवाच बसणार होती.

तरी हे म्हणाले, "आईसाठी तरी..." म्हणून सासूबाईंनाच शोरूममध्ये नेलं. गाडी उंच, गुडघे दुखरे. एक पाय वर टाकून त्या तशाच थांबल्या. "बाई गं, गाडी आहे की माळा? मला शिडी लावून द्या!" मागच्या ओळीत शिरायचं तर मधली सीट दुमडून वाकून जावं लागतं, ते तर त्यांनी नुसतं पाहूनच हात जोडले. जिच्या नावाने खरेदी चालली होती, तिलाच ती गाडी नको होती.

हे दोन दिवस गप्प होते. मला वाईट वाटलं, कारण माणूस काही चैनीसाठीच स्वप्न पाहतो असं नाही. कुटुंबाला मिरवावं असंही त्याला वाटतं. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, "ठेव राहू दे. अंगारकीला भाड्याची गाडी करू." तशी केली, आणि सासूबाई ऐटीत पुढच्या सीटवर बसल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी नव्या गाडीचा विषय निघाला तर भांडू नका, वही काढा. दारातली किंमत, एकूण फेड आणि वर्षातल्या फेऱ्या, तिन्ही लिहा. आणि घरात जो सगळ्यात कष्टाने चढतो, त्याला आधी त्या गाडीत बसवून बघा. गणित जुळलं तर खुशाल घ्या आणि पेढे वाटा.

आमचे हे अजूनही शेंद्र्यावरून जाताना मान वळवून कारखान्याकडे बघतात. बघू देत. बघायला कुठे हप्ता पडतो?