विश्लेषण : क्षमेसाठी क्रूस कशाला? एका ओळीवरून अडलेले गीत

अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चचे (पीसीयूएसए) नवे गीतपुस्तक २०१३ मध्ये आले. कीथ गेटी आणि स्टुअर्ट टाउनेंड यांचे एक लोकप्रिय गीत मात्र त्यात नव्हते. येशूच्या मरणाने देवाचा क्रोध शमला, असे या गीतात म्हटले आहे. समितीला तिथे क्रोधाऐवजी प्रेम हवे होते. गीतकारांनी बदल नाकारला आणि नऊ विरुद्ध सहा मतांनी गीत वगळले गेले. दोन्ही बाजू एका ओळीसाठी अडून बसल्या, कारण पाप किती गंभीर आणि त्याची भरपाई कोणी करायची, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच त्या ओळीत आहे.

बळीची कल्पना आली कुठून?

ज्यू धर्मग्रंथातून. लेवीय या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. दोन बकरे आणायचे. एकाचा बळी देऊन रक्त पवित्रस्थानात शिंपडायचे. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून महायाजकाने लोकांची पापे कबूल करायची आणि त्याला रानात सोडायचे. हे दर वर्षी. नव्या करारातील इब्री लोकांस पत्र म्हणते, येशूने स्वतःचे अर्पण एकदाच आणि कायमचे केले. मराठी बायबल यासाठी ‘प्रायश्चित्त’ हाच शब्द वापरते. आपल्याकडे प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यायचे. इथे ते दुसराच घेतो. मराठी वाचक अडखळतो तो इथे.

देव नुसती क्षमा का करत नाही?

हाच प्रश्न घेऊन अन्सेल्म यांनी १०९८च्या सुमारास एक ग्रंथ पूर्ण केला. त्यात बोझो हा शिष्य त्यांच्याशी वाद घालतो. मनापासून एकदा पश्चात्ताप केला की पाप पुसले जाईल, असे त्याला वाटते. अन्सेल्म विचारतात : देवाने ‘तिकडे पाहू नकोस’ म्हटले आणि पाहिले नाही तर सारे जग नष्ट होणार असेल, तर एक नजर टाकशील? टाकता येणार नाही, हे बोझोला मान्य करावे लागते. म्हणजे छोटे वाटणारे पापही जगाहून जड. ते ऋण माणसाने फेडायला हवे, पण फेडू शकतो फक्त देव; म्हणून देव माणूस झाला. तर्क पक्का आहे, पण त्याला थोडा सावकाराच्या वहीचा वास येतो, हेही खरे. बाराव्या शतकात अबेलार यांनी भर दिला तो क्रूस पाहून माणसाच्या मनात जागणाऱ्या प्रेमावर. सोळाव्या शतकात कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॅल्विन यांनी ऋणाच्या जागी शिक्षा आणली : दोषीची शिक्षा ख्रिस्ताने भोगली. गंमत म्हणजे गीत वगळणारे चर्च कॅल्विन यांच्याच परंपरेतले.

मग चर्चचे अधिकृत उत्तर कोणते?

एकच असे नाही. ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने निर्णय दिला. क्रूसाने तारण नेमके कसे होते, याचे एकच स्पष्टीकरण मात्र सर्व चर्चना बांधील अशा कोणत्याही परिषदेने ठरवले नाही. ऑर्थोडॉक्स परंपरा मृत्यूवरच्या विजयावर भर देते. कॅथलिकांसाठी मिस्सा हे त्याच बलिदानाचे अर्पण आहे.

टीकाकार विचारतात, शिक्षेशिवाय क्षमा न करणारा पिता प्रेमळ कसा? समर्थकांचा उलट सवाल तितकाच टोकदार : देवाने अत्याचारावर ‘जाऊ दे’ म्हटले, तर ज्याच्यावर अत्याचार झाला त्याचे काय?

गीत इतर अनेक चर्चमध्ये आजही मूळ शब्दांतच गायले जाते.