बोटीचे दिवस आणि घरातल्या पेट्या

मुंबईहून विलायतेला जायचे म्हणजे बोटीनेच, हे साधारण १९६०पर्यंत कुणाला वेगळे सांगावे लागत नसे. तो काळ अजूनही कित्येक मराठी घरांच्या माळ्यावर आहे. लेबले चिकटलेली लोखंडी ट्रंक, जेवणाचे सचित्र मेनूकार्ड, छापील प्रवासी यादी, डेकवर कठड्याला टेकून काढलेला फोटो. वस्तू जपल्या गेल्या, पण त्यांच्या हकिकती मात्र माणसांबरोबर चालल्या आहेत. त्या हकिकती वाचवायला हव्यात, असे मला मनापासून वाटते. त्यासाठीच हा आढावा.

मुंबईचा धक्का

सुएझ कालवा १८६९मध्ये खुला झाला आणि युरोपच्या वाटेवर मुंबई हे पहिले बंदर ठरले. तरी प्रवास लांबचाच होता. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या, त्या जवळजवळ दोन महिन्यांनी न्यूयॉर्कला उतरल्या. १९३०च्या दशकात मात्र मुंबईहून मार्सेलला साधारण दोन आठवड्यांत आणि लंडनला तीन आठवड्यांत पोचता येई. घाईचे लोक मार्सेलला उतरून आगगाडी पकडत.

निरोपाची जागा म्हणजे बॅलार्ड पिअर. धक्क्याला लागूनच रेल्वेचे स्टेशन होते, उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या तिथून सुटत. पी अँड ओच्या पांढऱ्याशुभ्र ‘स्ट्रॅथ’ बोटी, इटलीच्या लॉइड त्रिएस्तिनो कंपनीची १९३१मधली वेगवान ‘व्हिक्टोरिया’, लिव्हरपूलला जाणाऱ्या अँकर लाइनच्या ‘सर्कासिया’, ‘सिलिसिया’ आणि ‘कॅलिडोनिया’ ही नावे त्या पिढीला तोंडपाठ होती. दुसरी वाट पूर्व आफ्रिकेची. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘कंपाला’ आणि ‘करंजा’ मोंबासा, दार-ए-सलाम करत थेट डर्बनपर्यंत जात. त्यांच्या डेकवर वळकट्या पसरून व्यापारी, कारकून, शिक्षक आणि कारागीर जात. नैरोबी आणि दार-ए-सलामच्या मराठी वस्तीतले कितीतरी संसार याच बोटींनी पलीकडे गेले.

पाण्यावरचा वेळ

पहिले दोन-तीन दिवस बोट लागण्यात जायचे, पावसाळ्यात तर जास्तच. एडन येईपर्यंत पोट ताळ्यावर आलेले असे. एडन करमुक्त बंदर, म्हणून घड्याळ किंवा कॅमेरा तिथेच घ्यायचा. पोर्ट सैदला ‘सिमॉन आर्त्झ’ या मोठ्या दुकानात फेरी व्हायची. बोटीवर येणारे जादूगार बाह्यांतून कोंबडीची पिल्ले काढून दाखवायचे. आफ्रिकेच्या वाटेवर विषुववृत्त ओलांडले की समुद्रदेव नेपच्यूनच्या नावाचे प्रशस्तिपत्र मिळे.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट होती मोकळ्या वेळाची. घर सुटलेले आणि परदेश अजून आलेला नाही, अशा मधल्या दिवसांत माणूस विचार करी, शिकत असे, काट्याचमच्याने जेवायचा सराव करी, अनोळखी माणसांशी मैत्री जोडी. १९२१ साली ‘नारकुंडा’ बोटीने परतताना चंद्रशेखर व्यंकट रामन भूमध्य समुद्राच्या निळाईचे कारण शोधत होते. मुंबई बंदरात पोचेपर्यंत त्यांचे टिपण तयार होते. १९३०च्या जुलैअखेरीस ‘पिल्स्ना’ बोटीने निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी वाटेतच श्वेतबटू ताऱ्यांच्या वस्तुमानमर्यादेचे गणित मांडले. पुढे त्यांना नोबेल मिळाले, ते ताऱ्यांवरच्या कामासाठीच. याच ‘पिल्स्ना’ने गांधीजी १९३१च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून मुंबईला परतले.

समुद्राने काही हिरावूनही नेले. १९१७मध्ये बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले, तेव्हा दुसऱ्या बोटीने पाठवलेला त्यांचा ग्रंथसंग्रह जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाला. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके गमावणे म्हणजे काय, हे ज्याने पुस्तकांवर जीव लावला आहे त्याला समजेल.

वाढणारे हात

बोटीच्या आठवणी बहुधा प्रवाशांनी लिहिल्या. पण बोट चालवणाऱ्यांत आपली माणसे फार मोठ्या संख्येने होती. मुदपाकखाना, पॅन्ट्री आणि सलून गोव्याच्या आचाऱ्यांकडे आणि स्ट्यूअर्डकडे असे. डेकवर सारंग आणि टंडेलांच्या हाताखाली रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांतले, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतले खलाशी असत. गोव्याचे तारवटी मुंबईत धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक निवासात, उतरत, संध्याकाळी एकत्र रोझरी म्हणत आणि पुढच्या बोटीची वाट बघत. युरोपीय खलाशांच्या तुलनेत त्यांना पगार फारच कमी होता. तरी त्यातूनच गावाकडे कौलारू घरे उभी राहिली आणि मुले शिकली.

त्यांच्या घरची ठेव वेगळी असते. सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही. तिच्यात बोटीचे नाव, चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि वर्तणुकीपुढे ‘व्हेरी गुड’चा शिक्का. एखाद्याच्या तीस वर्षांच्या आयुष्याचा हिशेब अशा एका वहीत मावतो. मेनूकार्डावर त्या दिवशीचे पदार्थ छापलेले असत, ते रांधणाऱ्याचे नाव कधीच नसे. प्रवासी यादीतही वाढणाऱ्याला जागा नव्हती. म्हणून बोटीचा खरा इतिहास लिहायचा, तर शिवाजी पार्कातली ट्रंक आणि गोव्याच्या सासष्टीतली सीडीसी शेजारीशेजारी ठेवावी लागतील.

शेवटच्या फेऱ्या

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९६०मध्ये बोइंग ७०७ आले आणि आठवड्यांचा प्रवास तासांवर आला. १९६६मध्ये अँकर लाइनची मुंबईची प्रवासी सेवा थांबली. १९६७ ते १९७५ सुएझ बंद राहिला आणि उरलीसुरली आशाही मावळली. ‘करंजा’ १९७६पर्यंत आफ्रिकेच्या वाटेवर टिकली. आखाताकडे जाणारी ‘द्वारका’ १९८२मध्ये निवृत्त झाली. अॅटनबरोंच्या ‘गांधी’ चित्रपटात ती दिसते. यांतल्या बहुतेक बोटी भंगारात गेल्या. मुंबईत आता पर्यटनाच्या क्रूझ पुन्हा येतात. त्या आनंदासाठीच्या सहली आहेत. जुन्या बोटीने माणूस शिकायला, कमवायला, कधी कायमचा राहायला जात असे, आणि परत येईपर्यंत घरची मंडळी पत्राकडे डोळे लावून बसत. घरातल्या त्या कागदांना मोल आले आहे ते यामुळे.

आता करायचे ते

दिवाळीची आवराआवर करताना अशी वस्तू हाती आली तर ती रद्दीत टाकू नका आणि लॅमिनेटही करू नका, कारण प्लास्टिकमध्ये कोंडलेला जुना कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. फोटोमागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा. ट्रंकेवरची लेबले उचकटू नका. ‘नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज’ लिहिलेले लेबल म्हणजे ती पेटी तळाच्या गुदामात गेली होती, एवढी माहिती तेही देते. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १८७८ ते १९६० या काळात समुद्रमार्गे तिथे उतरलेल्या प्रवाशांच्या याद्या आहेत. बोटीचे नाव आणि साल माहीत असेल तर आजोबांची नोंद सापडू शकते.

सगळ्यात आधी मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बोट कोणती, साल कोणते, तिकिटाचे पैसे कुणी दिले, पोचवायला धक्क्यावर कोण आले होते, केबिनमध्ये सोबत कोण होते, जेवण कोण वाढत असे? बोटीने गेलेली शेवटची पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. त्यांची उत्तरे कुठल्याही अभिलेखागारात मिळणार नाहीत. ती याच वर्षी लिहून घ्यायला हवीत.