कॅबिनेटमधली लाँग ड्राइव्ह

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ साधारण 30 किलोमीटर. आता सांगा, एका साध्या 25 जीबीच्या ब्लू-रे डिस्कवरची गोलगोल रेघ उलगडून रस्त्यावर अंथरली तर कुठवर जाईल, माहीत आहे का? सुमारे 27 किलोमीटर! क्रांती चौकातून निघायचं, खुलताबाद ओलांडायचं आणि वेरूळच्या तोंडाशी थांबायचं. डीव्हीडीची रेघ पावणेबारा किलोमीटरची, तिचा दम दौलताबादच्या आधीच संपतो. सीडी बिचारी शहराबाहेर पडता पडताच खलास.

डिस्क तिन्ही सारख्याच, 120 मिलिमीटरच्या. फरक लेझरचा. सीडीचा 780 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. डीव्हीडीचा 650चा, लालभडक. ब्लू-रेचा 405चा, जांभळट. किरण जितका बारीक टेकतो, तितक्या रेघा दाटीने बसतात. ब्लू-रे ड्राइव्हमध्ये सहसा तिन्ही लेझर असतात, म्हणून तो डीव्हीडी-सीडी सगळं वाचतो, डीव्हीडी रायटर मात्र ब्लू-रे पाहून हात वर करतो.

पण थांबा! कॅनॉटच्या बाजारात जाऊन रायटर उचलण्याआधी पीसीच्या कॅबिनेटचं तोंड बघा. रंगीबेरंगी पंखे आणि काचांच्या नव्या मॉडेल्सपैकी बऱ्याच कॅबिनेटना ड्राइव्हची जागाच नसते. आरजीबी भरपूर, डीव्हीडी हद्दपार!

आणि ती जागा असलीच तर तिला म्हणतात ‘सव्वापाच इंची बे’. टेप लावा. रुंदी किती भरली? 146 मिलिमीटर, म्हणजे पावणेसहा इंच! सव्वापाच इंच हे माप जुन्या फ्लॉपीचं. फ्लॉपी गेली, नाव चिकटून राहिलं.

माळ्यावरचा जुना रायटर नव्या पीसीत चालेल का? पाठ बघा. 40 पिनांची रुंद पट्टी आणि चार पिनांचा पॉवर सॉकेट दिसला तर तो आयडीई. नव्या मदरबोर्डवर त्याला दारच नाही. चपटी 7 पिनांची डेटा केबल आणि 15 पिनांची पॉवर केबल बसत असेल तर तो साटा. घ्या बिनधास्त!

बिनधास्त? जवळजवळ. काही मदरबोर्डवर एम-डॉट-टू स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की एखाद-दोन साटा पोर्ट गपगुमान बंद पडतात. मग रायटर नवा, केबल नवी, आणि स्क्रीनवर ड्राइव्हचा पत्ता नाही. कोणता पोर्ट झोपतो, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुस्तिका कोण वाचतं म्हणा, पण हे एक पान वाचाच.

स्पीडचा आकडा बघून भुलू नका. सीडीचा 1एक्स म्हणजे सेकंदाला 150 केबी, डीव्हीडीचा 1एक्स म्हणजे सुमारे 1,385 केबी. एक्स तोच, हिशेब वेगळा! 16एक्सची डीव्हीडी सेकंदाला 22 एमबीच्या आसपास जाते, तीही फक्त बाहेरच्या कडेला. साटा-3 ला 600 एमबी झेपतात. म्हणजे ‘फास्ट साटा पोर्ट लागेल’ असं कोणी म्हणालं तर हसून पुढे चला.

फिरत्या चाकाचं कौतुक पाणचक्कीच्या गावाला काय सांगायचं? तरी ऐका. 52एक्सचा सीडी ड्राइव्ह मिनिटाला 10,000 च्या आसपास फेऱ्या मारतो. पाणचक्कीने असं केलं असतं तर पीठ थेट बीबी का मकबऱ्यावर!

सीडीचं मधलं भोक 15 मिलिमीटरचं का, माहीत आहे का? फिलिप्सच्या डच इंजिनिअरांनी त्यांच्या दहा सेंटच्या इवल्या नाण्याचं माप घेतलं, असं सांगतात. चिल्लरने जग जिंकलं.

आता सिनेमावाल्यांसाठी शॉक. डीव्हीडीच्या नकाशात भारत रीजन 5 मध्ये येतो. अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेली डिस्क रीजन 1ची. ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण किती वेळा? तोही आकडा पाचच! त्यानंतर शेवटचा रीजन कायमचा पक्का.

त्याहून मोठा शॉक: महागडा नवा प्रोसेसर घेतलात म्हणून 4के ब्लू-रे चालेलच असं नाही. उलट! पीसीवर त्या डिस्क अधिकृतपणे चालवायला इंटेलचं एसजीएक्स नावाचं सुरक्षा फीचर लागतं, आणि कंपनीने ते 11व्या जनरेशनपासून डेस्कटॉप प्रोसेसरमधून काढून टाकलं. या एका बाबतीत जुनं ते सोनं. साध्या डीव्हीडीसाठीही नवं विंडोज स्वतःहून प्लेअर देत नाही, पण फुकटचा व्हीएलसी आहे ना.

मग घ्यायचं काय? आमचं मत: लग्नाची डीव्हीडी आणि एमआरआयची सीडी वर्षातून दोनदाच बघायची असेल तर यूएसबीचा स्लिम रायटर घ्या. कॅबिनेटची कटकट नाही, लॅपटॉपलाही चालतो. फक्त केबल पीसीच्या मागच्या पोर्टला लावा, कारण पुढच्या पोर्टवर कधी कधी वीज कमी पडते. डिस्कचे गठ्ठेच्या गठ्ठे हार्ड डिस्कवर उतरवायचे असतील तर आतला साटावाला दणकट. आणि ब्लू-रेवर बॅकअप घ्यायच्या बेतात असाल तर कोऱ्या डिस्क आधी शोधा. सोनीने त्या बनवणं फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवलं.

डिस्कचा बाजार उठवला कोणी? फास्ट इंटरनेटने. ते धावतं कशातून? ऑप्टिकल फायबरमधून. आणि ती फायबर बनते कुठे? अहो, आपल्याच शेंद्रा-वाळूजला, स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत! ऑप्टिकलने ऑप्टिकलचा काटा काढला.

जाता जाता: ट्रे अडकला तर ड्राइव्हच्या तोंडावरचं ते बारीक छिद्र आठवा. पीसी बंद करा, पेपरक्लिप सरळ करून आत दाबा, ट्रे अलगद बाहेर. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आधी!