सनदी शाळा आणि लोकांची देखरेख

आपल्या संस्थेच्या सभासदांमध्ये मुलांच्या शाळेचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. फी किती, आणि दहावीचा निकाल किती टक्के? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ही शाळा कोणाच्या पैशावर चालते, आणि त्या पैशाचा जाब तिला दरवर्षी कोण विचारतो? अमेरिकेत हा तिसरा प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षे गाजत आहे. त्याला कारण तेथील 'चार्टर स्कूल' नावाच्या शाळा. शाळा सरकारने चालवाव्यात की खाजगी संस्थांकडे सोपवाव्यात, ही चर्चा आपल्याकडेही अधूनमधून होते. म्हणून त्या देशाने या वाटेवर काय कमावले आणि कोठे ठेच खाल्ली, हे आपले सभासद आणि विद्यार्थी यांनी समजून घ्यावे, एवढाच आमचा हेतू आहे.

चार्टर म्हणजे सनद

चार्टर या शब्दाचा अर्थ सनद. सनदी शाळेत मुलांकडून फी घेतली जात नाही. तिला दर विद्यार्थ्यामागे सरकारी पैसा मिळतो, पण तिचा कारभार सरकारी शिक्षण मंडळाकडे नसून वेगळ्या विश्वस्त मंडळाकडे असतो. शिक्षक कसे नेमावेत, वेळापत्रक कसे असावे, कोणत्या पद्धतीने शिकवावे, याची तिला बरीच मोकळीक असते. या मोकळिकीच्या बदल्यात शाळा लेखी करार करते की, अमुक वर्षांत मुलांची अमुक प्रगती करून दाखवू. हा करार म्हणजेच सनद. करार पाळला नाही तर सनद रद्द होते आणि शाळा बंद पडते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर प्रवेश सोडतीने द्यावे लागतात.

मॅसॅच्युसेट्समधील प्राध्यापक रे बड यांनी ही कल्पना मांडली. १९८८ साली शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी ती देशापुढे आणली. म्हणजे शिक्षकांच्या हाती नवे प्रयोग करण्याची संधी यावी, असा तिचा मूळ हेतू होता. १९९१ साली मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला आणि १९९२ साली सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा उघडली. २०२१-२२ पर्यंत अशा शाळांची संख्या पावणेआठ हजारांवर आणि विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ३७ लाखांवर गेली होती.

वार्षिक आढावा कसा होतो

सनद देणारी संस्था प्रत्येक राज्यात वेगळी असते. कोठे राज्याचे शिक्षण मंडळ, कोठे विद्यापीठ, कोठे स्थानिक शिक्षण मंडळ, तर कोठे खास याच कामासाठी नेमलेले मंडळ. शाळेवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी याच संस्थेची असते.

मॅसॅच्युसेट्स राज्याची पद्धत नमुन्यादाखल पाहू. तेथील १९९३ च्या कायद्याने आलेली सनद पाच वर्षांची असते. प्रत्येक सनदी शाळेला दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत मागील वर्षाचा अहवाल द्यावा लागतो. सनदेत जी उद्दिष्टे लिहून दिली होती त्यांपैकी किती गाठली, आणि जमाखर्च काय झाला, या दोन्ही गोष्टी त्यात असाव्या लागतात. विशेष म्हणजे हा अहवाल राज्य मंडळाकडे पाठवून भागत नाही. शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकाला तो द्यायचा असतो, आणि आपले मूल त्या शाळेत घालण्याचा विचार करणाऱ्या पालकालाही द्यायचा असतो. परीक्षक शाळेला प्रत्यक्ष भेट देतात. सनदेच्या नूतनीकरणाच्या वेळी तीन गोष्टी पाहतात. शाळा आपल्या सनदेशी प्रामाणिक राहिली का? मुले खरोखर शिकली का? आणि संस्थेचा कारभार व पैसा धड आहे का?

राजधानी वॉशिंग्टन शहरात सनद १५ वर्षांची असते, पण निदान पाच वर्षांतून एकदा पूर्ण तपासणी करावीच लागते. तेथील सनदी शाळा मंडळाने २०११ पासून काही वर्षे प्रत्येक शाळेची प्रतवारी तीन श्रेणींत करून ती जाहीर केली. मुलांची वर्षभरातील प्रगती, हजेरी आणि पुढील वर्षी किती मुले त्याच शाळेत परत आली, हे सारे त्यात मोजले जाई. आपल्या मुलाची शाळा कोणत्या श्रेणीत आहे, हे कोणत्याही पालकाला पाहता येत असे.

यातील मर्म ध्यानात घेतले पाहिजे. पाच किंवा पंधरा वर्षांनी शाळा बंद करण्याचा अधिकार हा शेवटचा उपाय आहे, आणि तो वापरला की शिक्षा संस्थाचालकांपेक्षा मुलांनाच अधिक होते. दरवर्षीचा आढावा असतो तो ती वेळ येऊ नये म्हणून. दोष पहिल्या वर्षी दिसला तर दुसऱ्या वर्षी सुधारता येतो. मुलाच्या शिक्षणाचे वाया गेलेले वर्ष मात्र परत मिळत नाही.

देखरेख ढिली पडली की काय होते

ओहायो राज्यात २००० साली 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो' ही संगणकावरून घरबसल्या शिकवणारी सनदी शाळा सुरू झाली. अनुदान पटावर अवलंबून होते आणि शाळेचा पट वाढत गेला. २०१५-१६ या वर्षासाठी शाळेने १५ हजारांहून अधिक पूर्णवेळ विद्यार्थी दाखवले. राज्याच्या शिक्षण खात्याने मुले प्रत्यक्ष किती वेळ अभ्यास करीत होती याची नोंद मागितली, तेव्हा जेमतेम ६,३०० विद्यार्थ्यांचा पुरावा मिळाला. त्या एका वर्षाचे सुमारे ६ कोटी डॉलर परत करण्याचा आदेश निघाला. व्यवस्थापन आणि संगणकप्रणाली यांसाठी शाळा ज्यांना पैसे देत होती त्या कंपन्याही शाळेच्या संस्थापकाच्याच होत्या. जानेवारी २०१८ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद पडली आणि सुमारे १२ हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली.

ही शाळा सतरा वर्षे चालली. त्या काळात कागदोपत्री देखरेख नव्हती असे नाही. पण ओहायोत सनद देणाऱ्या संस्थेला शाळेच्या अनुदानातूनच ठरावीक टक्के शुल्क घेता येते. शाळा मोठी, तर शुल्क मोठे. ज्याचे उत्पन्न शाळेच्या पटावर अवलंबून आहे, तो पट खोटा आहे असे म्हणायला सहजासहजी धजत नाही. म्हणून तपासणाऱ्याचे हित शाळेच्या हितात गुंतलेले नसावे, हा देखरेखीचा पहिला नियम मानला पाहिजे.

निव्वळ गुणांवर आढावा नको

सनदी शाळा चांगल्या की वाईट, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका संशोधन केंद्राने २००९ साली पाहणी केली. गणितात १७ टक्के सनदी शाळा नेहमीच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के निकृष्ट निघाल्या आणि उरलेल्यांत फारसा फरक नव्हता. त्याच केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत सनदी शाळांतील मुले सरासरीने थोडी पुढे दिसली. म्हणजे सनद मिळाली म्हणून शाळा आपोआप चांगली होत नाही.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. आढावा केवळ परीक्षेच्या गुणांवर ठेवला, तर शाळेपुढे एक सोपी वाट खुली होते. मुलांना नीट शिकवायचे किंवा कच्च्या मुलाला बाहेर काढायचे, दोन्हींनी निकाल वाढतो. वारंवार निलंबन करणे, पालकाला बोलावून 'तुमच्या मुलाला ही शाळा मानवणार नाही' असे सुचवणे, मध्येच रिकामी झालेली जागा न भरणे, असे आरोप काही शाळांवर झाले. म्हणून चांगल्या आढाव्यात निकालाबरोबर किती मुलांना निलंबित केले, किती मुले वर्षाच्या मध्यात शाळा सोडून गेली आणि अपंग मुलांना कसे वागवले, हेही मोजावे लागते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची १९०९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना, म्हणजे 'नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल', हिने ऑक्टोबर २०१६ मध्ये नव्या सनदी शाळा थांबवण्याची मागणी केली. इतर सरकारी शाळांइतकीच पारदर्शकता आणि जबाबदारी सनदी शाळांना लागू होईपर्यंत त्यांचा विस्तार नको, आणि शिकवणे ज्यांना भाग आहे अशा मुलांना काढून टाकणे बंद करा, असे तिचे म्हणणे होते. सनदी शाळांमुळे आपल्या मुलांना संधी मिळाली असे सांगून अनेक कृष्णवर्णीय पालकांनी या ठरावाला विरोधही केला. दोन्ही बाजूंना आपल्याच मुलांची काळजी होती. या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेले डु बॉईस यांना परमपूज्य बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. त्या समाजाचे अनुभव आपण परके मानू नयेत.

न्यायालयांपुढील प्रश्न

लोकांची देखरेख म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न न्यायालयांतही गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील सनदी शाळांचा कायदा घटनाबाह्य ठरवला. या शाळांवर मतदारांनी निवडलेल्या मंडळाचे नियंत्रण नाही, म्हणून सार्वजनिक शाळांसाठी राखलेला पैसा त्यांना देता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढील वर्षी विधिमंडळाने राज्य लॉटरीच्या उत्पन्नातून वेगळी तरतूद केली, तेव्हा कोठे त्या शाळा टिकल्या. ओक्लाहोमा राज्यात २०२३ साली एका कॅथलिक शाळेला सनद मंजूर झाली. सरकारी पैशावर धर्मशिक्षण देता येणार नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. मे २०२५ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मते चार विरुद्ध चार अशी समसमान पडली आणि तो निकाल कायम राहिला.

प्रवारणा आणि हिशेब

वार्षिक आढावा ही कल्पना आपल्याला नवी नाही. तीन महिन्यांचा वर्षावास संपला की भिक्खू संघ प्रवारणा करतो. प्रत्येक भिक्खू संघासमोर विनंती करतो की, माझ्या हातून घडलेला दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका असेल, तर अनुकंपेने सांगावे, मी तो दुरुस्त करीन. सुरुवात ज्येष्ठ थेरापासून होते. भगवान बुद्धांनी स्वतःही श्रावस्ती येथे भिक्खूंना, माझ्या वागण्यात काही उणे दिसले का, असे विचारल्याचे संयुत्त निकायात सांगितले आहे. येथे दोष दाखवणारा शत्रू नसतो, आणि ऐकणारा त्याने लहान होत नाही.

पैशाच्या बाबतीत बाबासाहेबांची भूमिकाही अशीच स्पष्ट होती. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी महालेखापरीक्षकाचे पद घटनेतील बहुधा सर्वात महत्त्वाचे असल्याचे मत मांडले. लोकांनी मंजूर केलेला पैसा ठरलेल्या कामीच खर्च होतो की नाही हे पाहणारा माणूस स्वतंत्र असला पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करणारा हा महापुरुष शिक्षणसंस्था आणि हिशेब या दोन्हींचे मोल जाणत होता.

आपण काय करावे

आपल्याकडे सनदी शाळा नाहीत, पण सरकारी अनुदानावर खाजगी संस्थांनी चालवलेल्या शाळा महाराष्ट्रात गावोगावी आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने सरकारी शाळा दत्तक देण्याच्या योजनेचा निर्णयही काढला होता. तेव्हा अमेरिकेतील प्रश्न आपल्याही दारात आहे.

जाब विचारण्याची साधने मात्र आपल्या हाती आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमायला सांगतो. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. वंचित आणि दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कसे खर्च होते हे पाहणे ही समितीची कामे आहेत; अनुदानित शाळांत तिची भूमिका सल्लागाराची असते. शिवाय माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. सरकारकडून भरीव आर्थिक साहाय्य घेणाऱ्या खाजगी संस्थाही त्या कायद्याखाली येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला.

पुष्कळ ठिकाणी पालक समितीच्या रजिस्टरवर सही करतात आणि घरी जातात. आमची सभासदांना विनंती आहे की, आपल्या वस्तीतील शाळेच्या समितीत बसावे, आणि दरवर्षी निदान पाच प्रश्न विचारावेत.

१. गेल्या वर्षी किती अनुदान आले आणि ते कोणत्या कामी खर्च झाले?
२. पटावर किती मुले आहेत आणि वर्गात रोज किती बसतात?
३. पाचवीतील किती मुलांना दुसरीचे पुस्तक अडखळल्याविना वाचता येते?
४. वर्षाच्या मध्यात किती मुलांनी शाळा सोडली, ती कोणत्या वस्तीतील होती, आणि आज कोठे आहेत?
५. मागील वर्षी दाखवलेल्या दोषांपैकी कोणते दूर झाले?

विद्यार्थ्यांनीही आपल्या अशिक्षित पालकांना हे कागद वाचून दाखवावेत. शिक्षकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी हे प्रश्न नाहीत. प्रामाणिक शिक्षकाला अशी समिती आधारच वाटेल, कारण त्याच्या अडचणी वर पोहोचवणारेही तेच लोक असतात. आणि ज्या संस्था आपण स्वतः चालवतो, त्यांत आपली ही संस्थाही आली, त्यांनी हेच प्रश्न प्रथम स्वतःला लावून घ्यावेत. प्रवारणा ज्येष्ठांपासून सुरू होते, याचा अर्थ तोच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!