महाविद्यालयीन नेमबाजी (महाराष्ट्र)

महाविद्यालयीन नेमबाजी म्हणजे महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय छात्रसेना, विद्यापीठीय स्पर्धा किंवा नोंदणीकृत क्लब यांच्या माध्यमातून केलेला रायफल व पिस्तूल यांचा सराव होय. महाराष्ट्रात या खेळाला दीर्घ परंपरा असून जागतिक कीर्तीचे अनेक नेमबाज विद्यार्थिदशेतच त्याकडे वळलेले आहेत. असे असले तरी महाविद्यालयाच्या आवारात बंदुकीचे नाव निघताच प्राचार्य, पालक आणि सहाध्यायी सावध होतात. बंदुकीची मनापासून आवड असलेल्या विद्यार्थ्याला ही आवड नियमांच्या आणि संशयाच्या अशा दुहेरी कुंपणात जोपासावी लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात विद्यार्थी आणि शस्त्र यांचा संबंध प्रथम खेळाच्या नव्हे, तर राजकारणाच्या मार्गाने आला. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ साली संमत झालेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली. हा कायदा रद्द अथवा सौम्य करावा, ही मागणी राष्ट्रीय चळवळीत वारंवार मांडली गेली. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे या तरुणाने नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा ब्राउनिंग पिस्तुलाने वध केला. त्यानंतर शिकणाऱ्या तरुणांवर सरकारची नजर अधिक कडक झाली.

प्रत्यक्ष महाविद्यालयाच्या आवारात घडलेली सर्वांत प्रसिद्ध घटना पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील आहे. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात आले असता तेथील विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावले आणि गोगटे यांना कारावासाची शिक्षा झाली. सोलापुरातील १९३० च्या लष्करी कायद्याच्या काळात झालेल्या दडपशाहीचा सूड, अशी या कृत्यामागील प्रेरणा होती. गोगटे यांचे नाव मराठी समाजात आदराने घेतले जाते. मात्र ग्रंथालयात पिस्तूल येऊ शकते, ही जाणीव शैक्षणिक संस्थांच्या स्मृतीत या घटनेने कायमची ठेवली.

राष्ट्रीय छात्रसेना

विद्यार्थ्याच्या हाती बंदूक देण्याची अधिकृत व्यवस्थाही ब्रिटिश काळातच सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, विद्यापीठांमध्ये लष्करी शिक्षणाची पथके उभारली गेली. स्वातंत्र्यानंतर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली व १९४९ मध्ये तिचा मुलींचा विभाग सुरू झाला. चीनबरोबरच्या युद्धानंतर १९६३ मध्ये हे शिक्षण महाविद्यालयांत सक्तीचे करण्यात आले. १९६८ पासून ते पुन्हा ऐच्छिक झाले.

छात्रसैनिकाची बंदुकीशी पहिली ओळख .२२ बोअरच्या रायफलीने होते. ही ओळख गोळीबाराने सुरू होत नाही. रायफल उघडणे, साफ करणे, पुन्हा जोडणे, पालथे पडून नेम धरणे, श्वास रोखून चाप हळूहळू ओढणे हे आधी शिकवले जाते. रायफल हाती घेताना आणि परत देताना ती रिकामी असल्याची खात्री करून घेतली जाते. ‘जांच शस्त्र’ हा आदेश त्यासाठीच असतो. प्रत्येकाला मोजकी काडतुसे मिळतात, झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफले मोजून जमा केली जातात आणि रायफली शस्त्रागारात, म्हणजे लष्करी बोलीतील ‘कोत’मध्ये, परत जातात. पहिल्या सरावात गुण मोजण्याऐवजी ‘ग्रुपिंग’ पाहिले जाते. गोळ्या मध्यबिंदूपासून दूर लागल्या तरी चालतात, पण त्या एकमेकींच्या जवळ असाव्या लागतात. नेम चुकल्यास दृष्टिकेची जुळणी करून तो सुधारता येतो, हातातील अस्थिरता मात्र सरावानेच जाते, असा यामागील विचार आहे.

कायदेशीर चौकट

भारतात अग्निशस्त्रांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. या कायद्याखाली शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क ठरत नाही. ती सरकारने दिलेली सशर्त अनुमती असते. परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे पदवीच्या वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी स्वतःच्या नावाने परवाना घेऊच शकत नाहीत. त्याहून लहान व्यक्तीला केवळ प्रशिक्षणापुरते, विहित अटी पाळून, शस्त्र वापरता येते. छात्रसैनिक कर्तव्यावर असताना हाताळतो ती शस्त्रे या कायद्याच्या तरतुदींतून वगळलेली आहेत.

महाविद्यालयांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद परवान्याच्या अटींमध्ये आहे. विशेष अनुमती असल्याखेरीज परवानाधारकाने आपले शस्त्र जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव किंवा शैक्षणिक संस्थेचे आवार येथे नेऊ नये, अशी ती अट आहे. त्यामुळे वैध परवाना असलेल्या प्राध्यापकासही स्वसंरक्षणाचे पिस्तूल कमरेला लावून वर्गात जाता येत नाही.

दहा मीटर प्रकारात वापरली जाणारी ४.५ मिलिमीटर व्यासाची एअर रायफल दाबलेल्या हवेवर चालते. मर्यादित शक्तीच्या अशा रायफलीस परवान्याची आवश्यकता नसते. म्हणूनच विद्यार्थ्यांसाठी हा नेमबाजीचा सर्वांत सुलभ प्रकार ठरला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, मात्र खेळाडूंसाठीच्या सवलती कायम ठेवल्या. याच दुरुस्तीने लग्नसमारंभादी प्रसंगी हर्षभराने केला जाणारा बेपर्वा गोळीबार स्वतंत्र गुन्हा ठरवला.

साशंकतेची कारणे

महाविद्यालयांच्या साशंकतेमागे तीन प्रकारची कारणे दिसतात. पहिले कारण परदेशातील हत्याकांडांच्या बातम्यांचे आहे. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार मारले. मृतांत भारतीय प्राध्यापक व विद्यार्थिनी यांचाही समावेश असल्याने या घटनेचे पडसाद महाराष्ट्रातील घराघरांत उमटले. पुढे टेक्सास राज्याने १ ऑगस्ट २०१६ पासून परवानाधारकांना सार्वजनिक विद्यापीठांच्या आवारात दडवलेले पिस्तूल बाळगण्याची मुभा दिली. भारतीय कायद्याची दिशा याच्या नेमकी उलट आहे.

दुसरे कारण स्थानिक गुन्हेगारीचे आहे. गावठी कट्टा, समाजमाध्यमांवर शस्त्रासह टाकलेली छायाचित्रे, वाढदिवसाचा केक तलवारीने कापणे अशा प्रकारांमुळे तरुणाच्या हातातील शस्त्र म्हणजे दहशत, हे समीकरण रूढ झाले. हौशी नेमबाजाने सरावाचे छायाचित्र प्रसिद्ध केले, तरी पाहणाऱ्याला त्यातील फरक सहसा कळत नाही.

तिसरे कारण जबाबदारीचे आहे. आवारात अपघात घडल्यास प्रश्न संस्थेला विचारले जातात. त्यामुळे अनेक संस्था नेमबाजीचा सराव आवाराबाहेरच्या मान्यताप्राप्त केंद्रात व्हावा, हा मार्ग पत्करतात.

या साशंकतेला नेमबाजांकडून मिळणारे उत्तर बहुधा शिस्तीचे असते. बंदुकीची नळी कायम लक्ष्याच्या दिशेने ठेवणे, झाडण्याचा क्षण येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे आणि प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजूनच ती हाताळणे हे नियम नवख्याला पहिल्याच दिवशी सांगितले जातात. ते मोडणाऱ्याला केंद्राबाहेर काढले जाते. ज्या धोक्याची महाविद्यालयाला धास्ती वाटते, तोच धोका खरा मानून हे नियम रचलेले आहेत.

खेळाचे स्वरूप

दहा मीटर एअर रायफल प्रकारात लक्ष्यावरील दहा गुणांचा बिंदू अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. पात्रता फेरीत ६० छर्रे झाडावयाचे असून प्रत्येक नेमास जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४ गुण मिळू शकतात. रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. चित्रपटांतील बंदूकबाजीच्या आकर्षणाने आलेल्या विद्यार्थ्याला तासन्‌तास निश्चल उभे राहण्याचा हा सराव कंटाळवाणा वाटतो आणि त्यांतील बरेच जण लवकरच तो सोडून देतात. टिकून राहणाऱ्यांना मनाच्या एकाग्रतेची गोडी लागलेली असते. निवृत्त पोलीस अधिकारी व क्रीडामानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांनी योगाभ्यासाची सांगड नेमबाजीशी घालून अनेक खेळाडूंना मार्गदर्शन केले.

ठाणे व वागळे इस्टेट परिसर

वागळे इस्टेट ही ठाण्यातील जुनी औद्योगिक वसाहत असून तिच्याभोवती किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर यांसारख्या दाट वस्त्या आहेत. येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत व आसपासच्या महाविद्यालयांत कामगार कुटुंबांतील अनेक मुले शिकतात. जोडारी आणि कातारी शिकणाऱ्या मुलांना बंदुकीच्या यंत्ररचनेचे कुतूहल वाटणे स्वाभाविक असले, तरी परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणे, दुरुस्त करणे किंवा नकली शस्त्राचे खऱ्यात रूपांतर करणे हा गंभीर गुन्हा आहे. हे कुतूहल पुस्तकातील आकृत्या आणि छात्रसेनेतील ‘खोलना-जोडना’ यांपुरतेच मर्यादित ठेवावे लागते.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात व तेथील शस्त्रपरवान्यांचे अधिकार आयुक्तालयाकडे आहेत. सण, निवडणुका वा आंदोलने यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत बंदुका, तलवारी, भाले यांबरोबर लाठ्याकाठ्याही येतात. एअर रायफल घेऊन लोकलने प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याला ती बंद पेटीत ठेवून क्लबचे ओळखपत्र व खरेदीची पावती जवळ बाळगणे हिताचे ठरते. मुंबईतील वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे केंद्र हे राज्यातील जुन्या सरावकेंद्रांपैकी असून वागळे इस्टेटमधून तेथे पोहोचण्यास बस, लोकल आणि पुन्हा बस असा प्रवास करावा लागतो.

खर्च हा आणखी एक अडसर आहे. स्पर्धेच्या दर्जाची आयात केलेली रायफल, कडक कापडाचे जाकीट, बूट आणि छर्रे यांचा खर्च लाखांच्या घरात जातो. ज्या कुटुंबाला तो पेलवत नाही, त्यातील मुलांना बंदुकीशी वैध आणि देखरेखीखालील परिचय घडवणारे छात्रसेना हेच बहुधा एकमेव द्वार असते. महाविद्यालयातील पथक बंद पडल्यास अशा मुलांची आवड संपतेच असे नाही, परंतु तिला शिस्त लावणारी व्यवस्था मात्र नाहीशी होते.

उल्लेखनीय नेमबाज

अंजली भागवत (पूर्वाश्रमीच्या वेदपाठक) या मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात असताना छात्रसेनेमुळे नेमबाजीकडे वळल्या. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि २००२ मध्ये त्या जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील वयाच्या अठराव्या वर्षी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, कैरो येथे दहा मीटर एअर रायफलचे विश्वविजेते झाले. हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघातही ते होते. राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारे ते महाराष्ट्राचे दुसरे खेळाडू होत.

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने झाली. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय स्पर्धा ही आजही अनेक विद्यार्थी नेमबाजांसाठी राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी पायरी आहे.