आजीबाईचा बटवा, रक्तातला

जेवण झालं की आजोबा ती एवढीशी पांढरी गोळी रोज का घेतात, असं काल विचारलंस ना? मग बस अशी जवळ. आणि पंखा जरा कमी कर, म्हाताऱ्याचा आवाज उडून जातो.

तू पाळण्यात होतीस तेव्हाची गोष्ट. माझ्या हृदयाच्या एका धमनीत गुठळी अडकली. धमनी ती केवढी, तुझ्या पेन्सिलीतल्या शिशाहून जरा जाड! पलीकडचा स्नायू प्राणवायूवाचून मरायला लागला. डॉक्टरांनी मनगटातून तार घालून वाट मोकळी केली, म्हणून आज गोष्ट सांगायला उरलोय.

गुठळी केली कुणी? प्लेटलेट्सनी. घरात डेंग्यू झाला की जो तो ज्यांचा आकडा विचारतो, त्याच या. तुझ्या पुस्तकातल्या रक्तबिंबिका. त्यांचा जन्म मोठा गमतीचा. हाडांच्या मगजात एक अगडबंब पेशी असते. ती आपले लांबलचक हात रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत घालते आणि सोऱ्यातून शेव पडावी तसे त्यांचे तुकडे पडत जातात. तेच तुकडे म्हणजे प्लेटलेट्स. दिवसाला सुमारे दहा हजार कोटी! त्यांना केंद्रक नाही, आयुष्य उणंपुरं आठ-दहा दिवसांचं. इटलीतल्या ट्युरिनमध्ये ज्युलिओ बिझ्झोझेरो नावाच्या गृहस्थांनी जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत डोकावून बघितलं, की जखमेपाशी आधी पोचतात त्या याच. ते साल 1882.

मग गुठळी करून माझ्या जिवावर उठल्या त्या दुष्टच की, म्हणशील. थांब.

प्रत्येक प्लेटलेटच्या पोटात बारीक थैल्या असतात. आजीबाईचा बटवाच समज. रक्तवाहिनीला इजा झाली की वाटोळी गुळगुळीत प्लेटलेट काटेरी होते, धोतराला कुसळ चिकटावं तशी तिथे चिकटते आणि बटवा सोडते. त्यात गुठळीचं सामान असतं, तसंच एक बोलावणंही असतं. त्या रसायनाला शास्त्रज्ञ एसडीएफ-1 म्हणतात. मोठेपणी कोण व्हायचं हे पुरतं न ठरलेल्या काही पेशी मगजातून निघून रक्तात हिंडत असतात. त्यांना म्हणतात जनक पेशी. मी आपला उमेदवार म्हणतो. गुळाच्या वासावर मुंगळे यावेत तशा त्या या रसायनाच्या मागावर येतात. पण रक्त तर धो धो वाहतंय, थांबणार कशा? प्लेटलेटच्या अंगावर तेव्हाच एक चिकट हूक उगवतो, पी-सिलेक्टिन नावाचा. त्यात अडकतात.

2006 साली जर्मनीत स्टेफेन मासबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या धमन्यांत हे प्रत्यक्ष पाहिलं. आधी प्लेटलेट्स जखमेला चिकटल्या, मग उमेदवार त्यांना येऊन बिलगले. नुसत्या उघड्या पडलेल्या भिंतीला हे जमत नव्हतं. म्हणजे वाट अडवणारीच गवंड्याला हाक मारत होती!

आता खरं सांगतो, हं. हे उमेदवार येऊन हृदयाचा नवा स्नायू विणतात, असं एकेकाळी मोठ्या थाटात सांगितलं गेलं. 2001 मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगाने भलतीच आशा लावली, 2004 मध्ये दुसऱ्यांनी करून पाहिलं तर तसं काही होईना. मला त्या दुसऱ्यांचं जास्त कौतुक वाटतं. उमेदवारांची मदत असते ती मुख्यतः वाहिन्यांची डागडुजी करण्यात आणि शेजारच्या पेशींना निरोप देण्यात. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रणच येतो. तो मजबूत असतो, पण आकुंचन पावत नाही. आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला झेब्रा मासा बघ, त्याच्या हृदयाच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत भरून येतो. आजोबा मासा नाहीत, काय करणार!

हां, गोळी राहिलीच. ती ॲस्पिरिन. प्लेटलेट्सना ती ठार मारत नाही, एकमेकींना चिथावायचं त्यांचं एक रसायन तेवढं बंद पाडते. केंद्रक नसल्यामुळे प्लेटलेटला ते यंत्र नव्याने घडवता येत नाही, म्हणून एकदा गप्प केलेली जन्मभर गप्प. पण तो सोऱ्या काही थांबत नाही. काल रात्री तू झोपलीस तेव्हापासून किती कोटी नव्या आल्या असतील, त्यांना गोळी ठाऊकच नाही.

आण बघू तो पाण्याचा तांब्या.